माझ्या श्वासाची मुखत्यारी

लिहून ठेवणार : मुक्ताबाई आप्पाराव शिनगारे, वय एकाहत्तर, व्यवसाय शेती व घरकाम, राहणार बोरवाडी, युसूफ वडगावच्या शिवेला लागून, तालुका केज, जिल्हा बीड.

आज रोजी लिहून ठेवते ते असे की, माझी बुद्धी शाबूत आहे. मला नीट ऐकू येते, नको तेही ऐकू येते. गुडघे गेले आहेत, पण डोके आणि जीभ ठिकाणावर आहेत, याला घरातले कोणीही शपथेवर साक्ष देईल. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणाची भीड नाही. मी सातवी पास आहे आणि हे अक्षर माझेच आहे. वकील सुग्रीव मिसाळ यांनी फक्त कलमांचे आकडे घातले व एक-दोन शिव्या खोडल्या.

कलम १. आधी हा कागद काय नाही ते सांगते. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते. माझा श्वास चालू असताना माझ्या देहाचे काय करावे हे इथे लिहिले तर उपयोग शून्य, कारण तुम्ही वाचायला घ्याल तेव्हा मी राख झालेली असेन. त्यासाठी वेगळा कागद केला आहे. त्याला वकील ‘वैद्यकीय इच्छापत्र’ म्हणतात. तो का केला आणि त्यात मुलाचे नाव सोडून सुनेचे का घातले, यावर गावात बरीच चर्चा झाली आहे. त्या चर्चेला माझे उत्तर या मृत्युपत्रात आहे, म्हणून जमीनजुमला वाचून कोणी उठून जाऊ नये.

कलम २. माझे पती आप्पाराव गेल्यावर माझ्या नावावर आलेले राहते घर, तीन खोल्या, वर स्लॅब, मागे शेळ्यांची पडवी, हे माझा मुलगा हनुमान व सून संगीता या दोघांच्या नावे समान करावे. एकट्याच्या नावावर घर असले की दुसरा त्या घरात पाहुणा होतो, हे मी पन्नास वर्षे पाहुणी राहून शिकले आहे.

विहिरीचे शेत माझ्या नावावर आहे. आप्पारावांनी ते निवडणुकीच्या वर्षी घेतले आणि त्या वर्षी त्यांना आपल्या नावावर जमीन कमी दिसायला हवी होती. कारण काही का असेना, सातबारा माझा आहे. त्यातले निम्मे हनुमानला, निम्मे माझी मुलगी मोहिनी हिला, जी परळीला दिली आहे. आप्पारावांच्या तेराव्याला भावकीने तिच्यापुढे त्यांच्या जमिनीचे हक्कसोडपत्र ठेवले होते. तिने पेन मागितले. घरातली सगळी पेने त्या दिवशी कुठे गेली ते मला आजही आठवत नाही. विहिरीच्या शेताबाबत तिच्यापुढे पुन्हा तसला कागद ठेवू नये.

दिवाळीनंतर साखराबाई व म्हाळू हे धनगर नवरा-बायको आपल्या मेंढ्या घेऊन येतात. त्यांच्या मेंढ्या आपल्या रानात बसवाव्यात व ज्वारी देताना हात आखडू नये. मेंढ्या बसलेल्या रानाला पुढच्या साली खत विकत आणावे लागत नाही, हे हनुमानला ठाऊक आहे. तरी तो दरवर्षी घासाघीस करतो. जित्याची खोड आहे, पण मी तर जातेच आहे, तेव्हा निदान माझ्या नावाने सोडावी.

कलम ३. आता सरपंचपदाविषयी. बोरवाडीची जागा महिलेला राखीव निघाली तेव्हा आप्पारावांनी मला उभे केले. मी निवडून आले. हार मला घातला आणि मिरवणूक त्यांची निघाली. पाच वर्षे माझे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. लोक त्यांना सरपंचसाहेब म्हणत आणि मला साहेबांच्या मंडळी. सभेत मधली खुर्ची माझी. ग्रामसेवक मला विचारायचा, “मॅडम, ठराव मंजूर?” मी तोंड उघडायच्या आत शेजारून आवाज यायचा, “मंजूर हाय, लिव्हा.”

त्याच काळात त्यांनी माझ्याकडून मुखत्यारपत्र करून घेतले, म्हणजे माझ्या वतीने सह्या, व्यवहार, कोर्टकचेरी सगळे त्यांनी करायचे. ते गेल्यावर तसेच दुसरे हनुमानच्या नावे झाले. तलाठी, बँक, बाजार समिती, जिथे जाईल तिथे तो तो कागद दाखवी आणि काम होई. तो माणूस वाईट नाही, त्याचा बापही नव्हता. दोघांनाही वाटायचे की मला त्रास नको. माझ्या त्रासाची काळजी घेता घेता माझ्याजवळ बोलायला काही उरले नाही, एवढेच.

हा राग मी आप्पारावांच्या चितेपर्यंत नेला आणि परत घरी आणला. तो कोणाला वारसाने देत नाही.

कलम ४. आप्पारावांना अर्धांगाचा झटका आला. त्यांना मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेले. नाकात नळी, घशात नळी, छाती मशीन हलवत होते. दवाखान्याबाहेर भावकी, पुढारी, पतसंस्थेचे संचालक, सगळ्यांची रीघ. त्यांच्या थोरल्या भावाला असेच ठेवले होते तेव्हा घरी येऊन ते मला म्हणाले होते, “मुक्ते, मला असं नळ्यात गुतवून ठिवू नका. रानात खाट टाका अन् सोडा.” हे मी दवाखान्यात सगळ्यांना सांगितले. धाकटे दीर म्हणाले, “वयनी, तुमी गप ऱ्हावा. आमी भाऊला असा सोडीत न्हाई.”

जो माणूस आयुष्यभर माझ्या वतीने बोलला, त्याचा शेवटचा शब्द फक्त माझ्याजवळ होता, आणि माझा शब्द कोणी धरत नव्हते. ते खूप दिवस तसेच राहिले. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी यायचे. नर्स म्हणायची ते आपोआप येते. येत असेल.

कलम ५. गेल्या वर्षी मला न्यूमोनिया झाला व बीडच्या एका दवाखान्यात भरती केले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, तरी दम पुरेना. तिथे डॉक्टर प्रियदर्शनी म्हणून एक तरुण मुलगी होती. तिने बाहेर हनुमानला सांगितले की रात्रीपर्यंत घशात नळी घालून मशीनवर ठेवावे लागेल, संमती हवी. हनुमानने पिशवीतून मुखत्यारपत्र काढले. त्याने ते प्लास्टिकच्या कव्हरात घालून सोबतच आणले होते. दार उघडे होते, मला सगळे ऐकू येत होते.

“आईचा मुक्त्यार मी हाय. कुठं सही करायची सांगा.”

तिने कागद वाचला. पहिल्या पानावरून शेवटच्या पानापर्यंत वाचला, जे आमच्या घरात कोणी केले नव्हते. मग म्हणाली, “दादा, हा जमिनीचा आणि बँकेचा कागद आहे. यात आईच्या शरीराविषयी एक शब्द नाही. आणि असता तरी काय? त्या जाग्या आहेत.”

“जाग्या हायत, पण तिला काय कळतंय? तिला कावून तरास देता? मीच बघतो समदं.”

“त्यांना कळतंय की नाही ते मी त्यांनाच विचारते.”

ती आत आली. स्टूल ओढून माझ्या तोंडाशी तोंड आणून बसली. मास्क जरा वर उचलला आणि म्हणाली, “आजी, दम कमी पडतोय. नळी घातली तर बऱ्या होण्याची आशा चांगली आहे, पण खात्री नाही. नाही घातली तर बहुतेक निभणार नाही. तुम्हाला काय हवंय?”

मला काय हवे आहे, असे विचारल्यावर माणूस काय करतो हेच मला माहीत नव्हते. सवयीने मी हनुमानकडे बघितले. त्याच्या मागे संगीता उभी होती. ती पुढे आली आणि म्हणाली, “आत्या, त्यांच्याकडं बगू नका. माझ्याकडं बी बगू नका. तुमी सांगा, तुमाला काय पायजे.”

मी डोळे मिटले. आत शोधत गेले तर तिथे खरोखर एक उत्तर होते. कधीपासून होते कोण जाणे. मी म्हणाले, “माघारी येनार आसंन तर घाला. नुसतं पडून ऱ्हायाला घालू नका.”

डॉक्टरीण म्हणाली, “बरं आजी. तसंच करू.” तिने ते माझ्या शब्दांत लिहून घेतले, मला वाचून दाखवले आणि माझी सही घेतली. मग ती उठली, दोन नर्स आल्या, मशीन ओढत आणले, बाहेर फोन झाले. माझ्या एका ‘घाला’वर तो अख्खा मजला हलला. पाच वर्षे सरपंच होते, पण माझ्या होकाराने गटाराचे एक झाकण हलल्याचे मी पाहिले नव्हते. घशात नळी जाण्याआधी मला भीती वाटली का, असे नंतर माझी नात, हनुमानची आरोही, हिने विचारले. भीती होती, पण तिच्याहून मोठे काहीतरी वाटत होते. देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा नेल्यावर लेकराला वाटते तसे. मला विचारले होते.

मशीनने माझ्यासाठी श्वास घेतला आणि मला परत आणले. त्या मशीनला मी नावे ठेवत नाही. निघताना मी त्याला हात जोडले तर वॉर्डबॉय हसला.

कलम ६. बरी झाल्यावर मी स्वतः केजला वकिलांकडे गेले. मी त्यांना म्हणाले की ते मुक्त्यारपत्र रद्द करा. आमच्याकडे सगळे ‘मुक्त्यार’च म्हणतात आणि मला इतकी वर्षे वाटायचे की तो शब्द मुक्तीवरून आला. माझे नाव मुक्ता, कागद मुक्त्यार. बाईने सही केली की ती मोकळी. वकील खूप हसले.

“काकू, ह्यो निजामाच्या कचेरीतला शब्द हाय. मुखत्यार. त्यो आला इख्तियारातनं. इख्तियार म्हंजे निवडायचा हक.”

म्हणजे ज्या कागदाने माझी निवड काढून घेतली, त्याच्या पोटात निवड हाच शब्द होता. मीही हसले, पण उशिरा.

मग मी माझी खरी शंका विचारली. “त्या टायमाला मी जागी होते म्हनून बोलले. आप्पारावांसारखी पडले तर? तवा मुक्त्यार चालंल का?”

“न्हाई चालणार. ज्यानं दिलं त्याचीच शुद्ध गेली तर त्यो कागद बी बेशुद्ध. लोकास्नी वाटतं आईबापाच्या आजारपणात कामाला यील, पण नेमका तवाच त्यो कामाचा ऱ्हात न्हाई.”

“मग माझ्या वतीनं कोन बोलनार?”

“तुमीच,” वकील म्हणाले. “आज लिवून ठिवलं तर त्या दिवशी बी तुमीच बोलणार.”

त्यांनी मला समजावून सांगितले आणि मी ते पुन्हा पुन्हा सांगायला लावले, कारण माझा विश्वास बसेना. दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे की, शहाण्या, सज्ञान माणसाने शुद्धीत असताना लिहून ठेवावे : परत येण्याची आशा उरली नाही तर मला मशीनने धरून ठेवू नका. दोन साक्षीदारांसमोर सही करावी, नोटरीचा किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का घ्यावा, घरच्यांना आणि नेमलेल्या अधिकाऱ्याला प्रत द्यावी. आपला निरोप डॉक्टरांपर्यंत नेणारी, आपल्या वतीने संमती देणारी माणसे नावानिशी लिहावीत. मन बदलले तर कधीही लेखी रद्द करता येते. आणि त्या दिवशी दवाखान्यात कोणा एकट्याच्या मर्जीने काही होत नाही. उपचार करणारा डॉक्टर व आणखी दोन अनुभवी डॉक्टर बघतात. मग दुसरे मंडळ पुन्हा बघते, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने नेमलेला. मग आपण नेमलेल्या माणसाला विचारतात. नळी काढली तरी वेदना कमी करण्याचे औषध आणि सेवा थांबवत नाहीत.

एका म्हातारीचा श्वास थांबू द्यायचा की नाही, यासाठी इतकी शिकलेली माणसे दोनदा बसणार, आणि तिने आधी काय म्हटले होते ते बघणार. बोरवाडीच्या ठरावाला एवढी माणसे कधी जमली नाहीत. माझी जीभ लुळी पडेल, डोळे मिटतील, मला माझे नाव आठवणार नाही, आणि तरीही माझा शब्द त्या खोलीत उभा राहील. असे काही माणसाने माणसासाठी करून ठेवले आहे हे मला कोणी सांगितले नव्हते. वकिलांनी चहा मागवला होता, तो माझ्यापुढे गार झाला.

कलम ७. त्या इच्छापत्रात पहिले नाव संगीताचे आणि दुसरे मोहिनीचे आहे. गावाने लगेच अर्थ काढले. कोणी म्हणाले, सुनेने म्हातारीला फितवले. कोणी म्हणाले, इस्टेटीचा डाव आहे. ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी कलम २ परत वाचावे.

संगीताशी माझे पहिल्या वर्षापासून जमले नाही. लोणच्यात मीठ किती, शेळीला बाजरीचा घाटा कधी द्यायचा, आरोहीला कितव्या वर्षापर्यंत शिकवायचे, प्रत्येक गोष्टीवर ती मला तोंडावर बोलली. आरोहीच्या बाबतीत ती बरोबर होती, लोणच्याच्या बाबतीत अजूनही चूक आहे. पण मी विचार केला की, जी माझ्यासमोर बोलायला भ्यायली नाही, ती माझ्यासाठी बोलताना दिरांना, पुढाऱ्यांना काय भिणार? तिला विचारले तेव्हा तिने हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाली, “आत्या, लई जड काम देता.” मी म्हणाले, “म्हनूनच तुला देते.” ती हो म्हणाली. त्या दिवसापासून मी तिला अगं संगे न म्हणता संगीता म्हणते.

कलम ८. माझ्या गळ्यातली पुतळ्यांची माळ आरोहीला. तिने ती घालावी किंवा मोडून शिक्षणाला लावावी, तिला विचारूनच काय ते करावे. सरपंच असतानाचा माझ्या नावाचा लाकडी फलक पडवीत आहे, त्याचे शेळ्यांच्या गव्हाणीला फळकूट करावे. लाकूड चांगले आहे. दिवसकार्य साधे करावे. भाषण कोणाचेही नको. धाकट्या दिरांना आग्रहाने जेवायला बसवावे आणि बोलू देऊ नये.

कलम ९. हे कलम एकट्या हनुमानसाठी आहे, पण सगळ्यांसमोर वाचावे.

हनुमान, नोटरीकडून आल्यावर तू मला विचारलेस, “मी मेलो का गं आई? पोटचा पोरगा असताना सुनंचं नाव कावून?” मी उत्तर दिले नाही. तू कितीतरी दिवस शेतावरच जेवलास. मी तेव्हा सांगितले असते तर तू भांडून, रडून माझ्याकडून नाव बदलून घेतले असतेस. तुझ्यापुढे माझे काही चालत नाही, म्हणून आता सांगते.

तुझ्या बापाच्या वेळी शेवटी सगळी भावकी थकली. रीघ आटली, पुढारी गेले. तेव्हा डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी तुला एकट्याला विचारले की काय करायचे. तू घरी न्यायचे म्हणून सही केलीस. गाडीत नळी काढली आणि केज यायच्या आत ते गेले. त्यांच्याच मनासारखे झाले होते, पण ते तुला माझ्याशिवाय कोणी सांगणारे नव्हते आणि मी सांगितले ते तुला समजूत घातल्यासारखे वाटले. तेव्हापासून तू बापाच्या फोटोला हार घालतोस तो मान खाली घालून. ‘मी बापाला मारलं’ असे तू एकदा म्हाळूपाशी बोललास. साखराबाईने मला सांगितले. मी तुला कळू दिले नाही.

तू मला सोडायला तयार होणार नाहीस, म्हणून तुझे नाव घातले नाही, असे तू समजतोस. अर्धे खरे आहे. बाकीचे अर्धे हे, की तू माझे ऐकून तयार झाला असतास तर पुन्हा आयुष्यभर मान खाली घालून चालला असतास. एका माणसाने आपल्या आईबापाचा, दोघांचाही श्वास आपल्या सहीवर घेऊ नये. न्यायालयाने मला निवडायचा हक्क दिला, तर त्यातून मला एवढेच निवडायचे होते.

इच्छापत्रात मी स्वतः एक ओळ जास्त लिहिली आहे. डॉक्टरांनी आणि संगीताने ठरवल्यावरही हनुमान येईपर्यंत थांबावे. तो कुठेही असला तरी थांबावे. त्याला माझ्या उशाशी बसवावे आणि माझा हात त्याच्या हातात द्यावा. त्याला काहीही विचारू नये.

तुम्ही हे वाचाल तेव्हा ते झाले असेल किंवा झाले नसेल. माझा शब्द पाळला गेला की नाही हे मला कधी कळणार नाही आणि त्यावर या मृत्युपत्रातली एकही गोष्ट अवलंबून नाही. घरातला तुझा वाटा तुझाच आहे, शेतातलाही. तू जर त्या दारात आडवा पडून सगळ्यांना परत पाठवले असशील, तरीही.

वरील मजकूर मी लिहिला आणि मीच वाचला; दुसऱ्याने वाचून दाखवण्याची गरज पडली नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र नाही. मुखत्यारपत्र रद्द केल्याचा कागद सोबत जोडला आहे.

ठिकाण : केज
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

सही : मुक्ताबाई आप्पाराव शिनगारे

साक्षीदार : बाईंनी आमच्यादेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत केली.
१. सोमनाथ गहिनीनाथ ढाकणे, निवृत्त शिक्षक, युसूफ वडगाव
२. सरस्वतीबाई नाथा लोमटे, अंगणवाडी सेविका, बोरवाडी

डॉक्टरांचा दाखला : मुक्ताबाई शिनगारे यांना आज तपासले. स्थळ, काळ व माणसे यांचे भान उत्तम आहे. मुलगा हनुमान सोबत होते. सुरुवातीला एका प्रश्नाचे उत्तर बाईंच्या आधी हनुमान यांनी दिले. नंतर, “आईलाच इचारा,” असे म्हणून ते बाहेर जाऊन बसले. पुढील सर्व उत्तरे बाईंनी स्वतः दिली.

सही : डॉ. प्रियदर्शनी